छत्रीचं झुंबर

बोरी अरब गावात रहमतच्या घरी मोडक्या वस्तू येत, पण परत जात नसत. स्टो दुरुस्त करायचे, कुलपांना किल्ल्या घासून द्यायच्या, छत्र्यांच्या मोडलेल्या काड्या बदलायच्या, लग्नसराईत गॅसबत्त्यांचे पंप नीट करायचे, हा त्याचा धंदा. आणि काम झालं की गिऱ्हाइकाच्या घरातलं मोडकंतोडकं "राहू द्या, मी नेतो" म्हणत उचलून आणायचं, ही त्याची खोड. सायकलीच्या रिमा, कंदिलाच्या तडकलेल्या काचा, बिनमुठीच्या छत्र्या, घड्याळांची दातेरी चाकं. घराची मागची खोली अशी भरली होती की मांजरसुद्धा आत शिरताना अंग चोरून घेई.

त्याची बायको हलीमा मणियाराची लेक. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन ती बाजारात बसे, आणि बाजार नसेल तेव्हा जवळच्या खेड्यांतून, तांड्यांतून फिरे. तिच्या टोपलीत रंगाजवळ रंग आणि मापाजवळ माप असायचं. डोळे मिटून हात घातला तरी हवी ती बांगडी हाती यायची. घरही तसंच असावं असं तिला वाटे, आणि ते तसं कधीच नसे.

"हे कायच्या कामाचं हाय?" ती एखादी गंजलेली साखळी पायानं सरकवत विचारी.

"आज नसन. उद्या असन."

"तुमचा उद्या कधी येते?"

"आला की सांगतो ना," रहमत म्हणे, आणि साखळी पुन्हा जागेवर ठेवी.

दोघं घरात बोलायला लागत ते हिंदीत, आणि दुसऱ्या वाक्याला वऱ्हाडीत उतरत. भांडणसुद्धा तसंच होई, अर्धं या भाषेत, अर्धं त्या. एकुलती लेक सईदा लग्न होऊन दिग्रसला गेल्यापासून तर भांडायलाही घरात दोघंच उरली होती.

नदीपलीकडच्या बंजारा तांड्यातला हरिसिंग हा रहमतचा जुना दोस्त. हरिसिंगचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालायचा. हरिसिंग मात्र नदीकाठच्या वावरात कपाशी आणि जवारी पेरायचा आणि दारव्ह्याच्या पुढं क्वचितच जायचा. त्याची बायको लालीबाई आणि हलीमा यांचंही मेतकूट जमलं होतं. लालीबाईच्या लेकीला, हंसाला, जन्मातल्या पहिल्या बांगड्या हलीमानंच भरल्या होत्या.

ही हंसा सहा-सात वर्षांची असताना एकदा बापाबरोबर दारव्ह्याच्या बाजाराला गेली होती. रहमत त्या दिवशी तिथल्या एका शेठजींच्या घरी झुंबर साफ करत होता. हरिसिंग त्याला भेटायला आत गेला, आणि पोरीनं ते झुंबर पाहिलं. खालच्या सतरंजीवर ती सरळ उताणी झोपली आणि काही केल्या उठेना. शेवटी बापानं उचलून खांद्यावर टाकली तेव्हा तिनं असा गळा काढला की बाजारातली माणसं वळून पाहू लागली. रहमत मागून धावत आला. म्हणाला, "रडू नको, छोरी. तुह्या लग्नात मी तुले असंच झुंबर देईन."

मोठी माणसं असं बोलतात आणि विसरतात. हंसा विसरली नाही. वर्षातून एकदा तरी ती विचारी, "चाचा, माह्यं झुंबर कुठवर आलं?" आणि रहमतही विसरला नाही. एका झाकणाच्या घासलेटच्या डब्यात तो एकेक वस्तू टाकत राहिला. कुणाच्या फुटलेल्या झुंबराचे लोलक, सोड्याच्या बाटल्यांतल्या गोट्या, सायकलीच्या दिव्याची लाल काच. डब्यात काय आहे हे त्यानं हलीमाला कधी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. तिच्या लेखी खोलीत असे पुष्कळ डबे होते.

यवतमाळ तेव्हा अजून मुंबई राज्यात होतं. त्या वर्षी हंसाचं लग्न ठरलं, तिथी वैशाखातली धरली. त्याआधी रमजानची ईद आली. ईदेला सईदा सासरच्या माणसांना घेऊन येणार होती, आणि रहमत नेमका कळंबला गेला होता. तिथल्या गॅसबत्त्या भाड्यानं देणाऱ्या दुकानदारानं लग्नसराईआधी सगळ्या बत्त्या नीट करून घ्यायला त्याला बोलावलं होतं. हलीमानं मागच्या खोलीत उभं राहून एकदा चारी कोपरे पाहिले. व्याह्यांना झोपवायचं कुठं, हा तिला प्रश्न पडला. तेवढ्यात गल्लीतून भंगारवाल्याची आरोळी आली.

हातगाडीवर त्याच्याकडं जर्मनची भांडी चकाकत होती. भंगार द्या, भांडं घ्या. हलीमानं पदर खोचला. दुपार कलेपर्यंत तिनं खोली रिकामी केली. आढ्याला खोचलेल्या छत्र्या तेवढ्या राहिल्या, कारण तिचा हात तिथवर पोचत नव्हता. बदल्यात भात-आमटी शिजवायचा एक मोठा गंज मिळाला, झाकणासकट. तिनं भिंतींना चुना मारला, जमीन सारवली, आणि रोजा असूनही त्या स्वच्छ खोलीत उगाच येरझाऱ्या घातल्या. इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रहमत परतला तो दारातच थांबला.

"बाप्पा," तो म्हणाला, "आपल्या घरात इतली मोठी खोली होती?"

तो हसला, म्हणून हलीमाचा जीव भांड्यात पडला. मग त्याची नजर कोपऱ्याकडं गेली.

"झाकणाचा डबा होता इथी."

"कोणता?"

"घासलेटचा. झाकणाचा."

त्याच्या आवाजावरूनच तिला कळलं की काहीतरी चुकलं आहे. तरी तिनं विचारलं, "काय होतं त्यात?"

"हंसाचं झुंबर होतं," रहमत म्हणाला.

तो तसाच सायकलीवर बसून भंगारवाल्याच्या मागावर दारव्ह्याला गेला. भंगारवाला सकाळीच छोट्या रेल्वेगाडीत माल चढवून मूर्तिजापूरकडं निघून गेला होता. रहमत धुळीनं माखून परत आला तेव्हा रोजा सोडायची वेळ झाली होती. हलीमा त्याच्या रागाची वाट पाहत बसली होती. त्यानं खजूर खाल्ला, पाणी प्याला, आणि चुलीवरच्या भांड्याकडं पाहून म्हणाला, "गंज चांगला हाय."

त्यापेक्षा त्यानं दोन शब्द टाकून बोलायला हवं होतं. त्या गंजात शिजलेलं हलीमाला पुढं कितीतरी दिवस गोड लागलं नाही.

ईद झाली. पाहुणे आले, शेवया खाऊन गेले. सईदाला कुणी काही सांगितलं नाही. घर पुन्हा शांत झालं, आणि ती शांतता हलीमाला खुपायला लागली. रहमत मोडक्या वस्तू आणीनासा झाला होता. रिकाम्या खोलीत आवाज घुमे.

एका दुपारी तिनं खाटेखालून एक पोतं ओढून काढलं. बांगड्या भरताना ज्या तडकतात त्यांचे तुकडे ती वाटेत टाकत नसे. कुणाच्या पायात काच भरायची. ते ती पोत्यात टाकायची, आणि एखाद्या दिवशी खड्डा खणून पुरायचे, असं ती कित्येक वर्षं म्हणत आली होती. आता पोतं कमरेएवढं झालेलं. त्याच्याकडं पाहताना तिच्या मनात आलं, आपण नवऱ्याचं भंगार विकलं आणि स्वतःच्या भंगारावर रोज झोपतो. तिला एकटीलाच हसू आलं.

हसता हसता तिला माहेर आठवलं. कारंज्याला बापाच्या दुकानामागं त्या बहिणी-बहिणी चिमणीभोवती बसायच्या. चिमट्यात बांगडीचा तुकडा धरायचा, ज्योतीवर फिरवायचा. काच मऊ झाली की दोन्ही टोकं वाकवून जुळवायची, की झालं एक कडं. त्यात दुसऱ्या तुकड्याचं कडं, त्यात तिसरं. बाहुलीच्या दाराला असल्या साखळ्यांचं तोरण असायचं.

तिनं चिमणी पेटवली. पहिल्या तुकड्यानं बोट भाजलं. दुसरा जुळला, पण काजळी धरून काळा ठिक्कर पडला. तिसरा, चौथा, सगळे काळे. लालही काळा आणि हिरवाही काळा. ती मान खाली घालून पाचवा धरत होती तेव्हा दारात सावली आली. रहमत तिथं किती वेळ उभा होता कोण जाणे. तो आत गेला, दुरुस्तीला आलेला एक स्टो घेऊन आला, पंप मारला आणि ज्योत बारीक, निळी केली.

"याच्यावर धर," तो म्हणाला. "काजळी येत नाही."

निळ्या ज्योतीवर काच आधी लाल झाली, मग वाकली, आणि थंड झाल्यावर तिचा मूळचा रंग परत आला, मोरपिशी. दोघांनीही तो तुकडा उजेडाकडं धरून पाहिला.

"काय करून राह्यली तू?"

"झुंबर," हलीमा म्हणाली. "तुमचं विकलं मी. आता माह्यं देऊ."

रहमत तिथंच बसला. मग उठून त्यानं दुसरा चिमटा शोधून आणला.

त्या दिवसापासून बाजाराहून आलं की दोघं स्टोजवळ बसत. हलीमा रंग निवडून देई, वाकवायचं काम करी. रहमत टोकं दाबून जुळवी. तो पुन्हा शीळ घालू लागला. साखळ्या वाढत गेल्या, तशी एक अडचण पुढं आली. त्या लटकवायच्या कशाला? रिमा तर भंगारात गेल्या होत्या, आणि रहमत त्याबद्दल एक शब्दही बोलत नव्हता. तो उताणा पडून आढ्याकडं पाहत होता. एकदम उठला, स्टुलावर चढला आणि खोचलेल्या छत्र्यांतली एक काढली. जुनी, भक्कम काड्यांची, कापडाच्या चिंध्या झालेली. त्यानं कापड ओरबाडून काढलं आणि खटका दाबून सांगाडा उघडला.

सगळ्या काड्या गोल पसरल्या. प्रत्येकीच्या टोकाला बारीक भोक होतंच.

"अगं, हे तं जसं झुंबरासाठीच केलं कोणी," रहमत म्हणाला.

टोकाटोकाला साखळ्या बांधल्या, काडीच्या मध्यावर आणखी लहान बांधल्या. दांड्याची मूठ त्यानं करवतीनं कापली आणि वरच्या टोकाला आकडा बसवला. शिवाय हे झुंबर मिटत होतं. काखेत मारून नदी ओलांडता आली असती. मिटताना साखळ्या एकमेकींत अडकायच्या, त्यावर हलीमानं तोड काढली. जुन्या लुंगीच्या लांब लांब पिशव्या शिवून एकेक साखळी एकेका पिशवीत घातली, छत्री उघडली की पिशव्या खालून ओढून घ्यायच्या.

तरी तिचं समाधान होईना. उन्हात काच सुंदर दिसे, पण सावलीत गप्प बसे. तिला आरसे हवे होते. आरसे म्हणताच तिच्या डोळ्यापुढं लालीबाईचे कपडे आले. तांड्यातल्या बायांच्या चोळ्या आणि घागरे, त्यांच्या भाषेत काचळ्या आणि फेटिया, आरशांनी, कवड्यांनी मढवलेल्या असत. कपडा विरला तरी आरसे तसेच राहत.

बांगड्यांची टोपली घेऊन ती तांड्यात गेली. लालीबाई लग्नासाठी हंसाची नवी काचळी टाचत बसली होती.

"बेस, आपा," लालीबाई म्हणाली.

हलीमा बसली, इकडचं तिकडचं बोलली, आणि मग म्हणाली, "लालीबाई, तुह्याकडे जुने फाटके कपडे असतीन तं दे ना मले."

लालीबाईच्या हातातली सुई थांबली. "कायले?"

"असंच. लागते."

"फाटकेच?"

"जितले फाटके तितले चांगले."

लालीबाईनं तिच्याकडं खालून वर पाहिलं. मग ती उठली आणि पेटीतून सासूची जीर्ण काचळी आणि दोन विरलेल्या फेटियांचे घेर काढून दिले. वर एक आपली चांगली ओढणीही ठेवू लागली, तेव्हा हलीमानं ती घाईघाईनं परत सारली. त्यामुळं लालीबाईचा चेहरा आणखीच उतरला.

दोन दिवसांनी हरिसिंगची बैलगाडी दाराशी उभी राहिली. त्यानं पाठीवरून जवारीचं पोतं उतरवून ओसरीत टेकवलं.

"यंदा जास्त झाली," तो रहमतकडं न पाहता म्हणाला. "उंदरं खाऊन राह्यले घरी. ठेवा इथी."

"अरे, पण कायले? तुह्या घरी लग्न हाय," रहमत म्हणाला.

"लग्नाचं वेगळं ठेवलं हाय. अन् रहमतभाई," हरिसिंगनं आवाज खाली आणला, "दिवस काय, येते अन् जाते. मन लहान करू नको. लाली कालपासून जेवली नाही धड."

आतल्या खोलीत स्टो फुरफुरत होता आणि आढ्याला अर्धं झुंबर लोंबत होतं. हलीमा दार अडवून उभी राहिली. खरं सांगावं तर सगळं उघडं पडणार, न सांगावं तर पोतं ठेवून घ्यावं लागणार. "अल्ला तुम्हाले बरकत देवो," ती म्हणाली. गाडी गल्लीबाहेर गेली तेव्हा तिनं रहमतकडं पाहिलं, रहमतनं तिच्याकडं, आणि दोघं ओसरीत बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

"त्यायले वाटलं, आपण तांड्याच्या फेटिया घालून राह्यलो," रहमत म्हणाला.

हसू ओसरल्यावर हलीमा बराच वेळ त्या पोत्यावर हात ठेवून बसली. आपल्यासाठी उपाशी राहणारी मैत्रीण सगळ्यांना मिळत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं जवारी भिजत घातली, आंबवली, दळली आणि वैशाखाच्या कडक उन्हात अंगणभर पापड घातले. लग्नाच्या पंगतीला पुरून उरतील इतके.

लग्न चार दिवसांवर आलं असताना मात्र तिच्या मनात एक काटा शिरला. बाजारात एका नवरीला बांगड्या भरताना एक बांगडी तडकली. नवरीच्या आईनं चटकन पोरीचा हात पदराखाली घेतला आणि इकडंतिकडं पाहिलं, कुणी बघितलं तर नाही ना. हलीमाचा हात जागच्या जागी थांबला. इतके दिवस रंग जुळवता जुळवता ही गोष्ट तिच्या ध्यानातच आली नव्हती. फुटकी बांगडी सवाष्णीला चालत नाही, आणि आपण फुटक्या बांगड्यांचं झुंबर करून लग्नाच्या मांडवात टांगायला निघालो आहोत.

रहमतला सांगावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण घरी आली तर तो साखळ्यांच्या मध्ये एकेक आरसा अडकवत शीळ घालत बसला होता. तिनं नुसता गंज चुलीवर ठेवला.

लग्नाच्या दिवशी दोघं ऊन चढायच्या आत नदी ओलांडून तांड्यात पोचली. हलीमाच्या डोक्यावर पापडांची टोपली आणि रहमतच्या काखेत चादरीत गुंडाळलेली छत्री. जांभळाच्या हिरव्या डहाळ्या टाकून मांडव घातला होता. एका बाजूला बाया गोल धरून गात होत्या, दुसऱ्या बाजूला नवरदेवाकडची मंडळी बसली होती. नवरदेव खेमसिंग पुसदकडच्या तांड्यातला, काटक आणि लाजरा. त्याची आजी रुपीबाई सगळ्यांच्या मध्ये, हाडाच्या बांगड्यांनी भरलेले दोन्ही हात मांडीवर ठेवून, नजरेनंच सगळं चालवत होती.

"रहमतभाई, वैशाखात छत्री?" हरिसिंग म्हणाला. "पाणी येते काय?"

"थांब जरा," रहमत म्हणाला.

बायांच्या घोळक्यातून हंसानं मान वर काढली. लग्नाच्या मुलीनं बोलू नये म्हणून याडीनं, आईनं, तिला सकाळपासून दटावलं होतं. तरी तिच्या तोंडून निघून गेलं, "चाचा, झुंबर?"

रहमतनं काखेतली छत्री काढली. मांडवाच्या मधल्या बांबूला त्यानं आकडा अडकवला, चादर सोडली, आणि खटका वर सारला. छत्री उघडली. हलीमानं एकेक पिशवी ओढून घेतली तशा साखळ्या किणकिणत खाली आल्या, हिरव्या, लाल, मोरपिशी, मोतिया. डहाळ्यांतून उन्हाचे कवडसे उतरत होते ते आरशांवर पडले, आणि ठिपके सगळ्या मांडवात उधळले. म्हाताऱ्यांच्या पागोट्यांवर, बायांच्या ओढण्यांवर, बाहेर बांधलेल्या बैलांच्या पाठीवर. लहान पोरं ते पकडायला धावली. गाणं मध्येच थांबलं.

लालीबाई पुढं झाली. एक आरसा बोटांत धरून तिनं उलटसुलट पाहिला.

"हे तं माह्या सासूच्या काचळीचे आरसे," ती हळूच म्हणाली. मग तिनं हलीमाकडं पाहिलं, पापडांच्या टोपलीकडं पाहिलं, आणि सगळा उलगडा तिला एकदम झाला. पदर तोंडात कोंबून ती खांबाला टेकली. तिचे खांदे गदगदत होते, आणि ते हसण्यानं की रडण्यानं हे हरिसिंगला बराच वेळ कळलं नाही.

तेवढ्यात रुपीबाईचा आवाज आला.

"ह्या फुटक्या बांगड्या हायेत काय?"

पोरंसुद्धा ठिपके पकडायची थांबली. रहमतचा हात दांड्यावरच राहिला. त्याला हे सुचलंच नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. हलीमानं हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. चार दिवस हा प्रश्न तिनं मनातल्या मनात स्वतःला विचारला होता आणि उत्तर सापडलं नव्हतं. ती रुपीबाईसमोर जाऊन खाली बसली.

"आजी, बांगडी फुटली असं म्हणते काय कोणी?"

"नाही म्हणत. वाढली म्हणते."

"मंग ह्या वाढलेल्या हायेत," हलीमा म्हणाली, आणि बोलता बोलता तिचं तिलाच खरं वाटू लागलं. "दुःखाच्या घरी हातातल्या बांगड्या उतरवाले मी कधी गेली नाही, तो माह्या बापानं घालून देल्लेला कायदा हाय. ह्या साऱ्या भरताना वाढल्या. कोणाच्या लग्नात, कोणाच्या बाळाच्या पाचवीले, कोणाच्या दिवाळीत. ते हिरवे तुकडे पाह्यता ना? ते तुमच्या नातसुनेचे. पाच वर्षांची होती, माप पाहाच्या आधीच हात खेचून घे. एका बैठकीत चार-चार वाढवल्या तिनं."

बायांत खसखस पिकली. हंसानं ओढणी पुढं ओढून घेतली.

रुपीबाई उठली. झुंबराखाली जाऊन तिनं मान वर केली. तिच्या सुरकुतलेल्या गालावर एक लाल ठिपका आणि एक निळा ठिपका हलत होता. हात वर करून तिनं एका साखळीला धक्का दिला आणि तिची किणकिण संपेपर्यंत ऐकली.

"इतल्या वाढल्या," ती म्हणाली. "चांगलं हाय. पण आमच्या घरी उंच टांगा बाप्पा. माही शेळी लोंबतं काहीच ठेवत नाही."

बायांनी गाणं पुन्हा उचललं. पंगतीत पापड तीनदा फिरले. हरिसिंगनं पहिला मोडला तेव्हा चव ओळखली की नाही कोण जाणे. रहमतच्या पाठीत मात्र त्यानं असा धपका घातला की रहमतच्या हातातलं पाणी सांडलं.

लग्नाचे सगळे विधी आटोपून पाठवणीचा दिवस आला तेव्हा हलीमा पुन्हा तांड्यात गेली. हंसानं आईच्या गळ्यात पडून ढावलो म्हटला, आपलं घर, आपली गाय, आपली नदी सोडताना मुली म्हणतात ते रडगाणं. मग ती हलीमाच्या गळ्यात पडली. "मासी, माप पाहाच्या आधी आता कोणाच्या हातातून हात खेचू मी?" ती रडता रडता म्हणाली, आणि दोघींना हसू फुटलं. खेमसिंगनं मिटलेलं झुंबर गाडीत ठेवू दिलं नाही. ते खांद्यावर घेऊन तो गाडीच्या बाजूनं पायी निघाला. धूळ उडाली, गाडी दिसेनाशी झाली, तरी किणकिण थोडा वेळ येत राहिली. लालीबाई आणि हलीमा रिकाम्या मांडवात बसल्या, आणि लालीबाईनं गुळाचा चहा ठेवला.

हंसा गेली म्हणजे सगळं संपलं, असं हलीमाला वाटलं होतं. जूनमध्ये बकरी ईद आली आणि सईदा दिग्रसहून माहेरी आली. झुंबराची गोष्ट तिला घरी नव्हे, बाजारात तांड्याच्या बायांकडून कळली. ती घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसली.

"काय झालं वं?" हलीमानं विचारलं.

"हंसाले झुंबर. अन् मले काय देल्लं होतं? दोन गंज अन् एक परात."

"तवा सुचलं नाही, बेटा."

"आता तं सुचलं ना."

हलीमानं पोत्यात हात घालून पाहिलं. तुकडे अजून पुष्कळ होते. आरशांसाठी लालीबाई होतीच. या वेळी कारण सांगूनच मागायचे होते. सांगाडा मात्र नव्हता. आढ्यावरच्या बाकीच्या छत्र्यांच्या काड्या रहमतनं मोसमाआधी लोकांच्या छत्र्यांना लावून टाकल्या होत्या. घरात धड छत्री एकच उरली होती, ती त्याची स्वतःची.

रहमतनं एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा खुंटीकडं. बाहेर आभाळ भरून आलं होतं. त्यानं छत्री काढली, मांडीवर घेतली आणि दातांनी शिवण उसवायला सुरुवात केली.

काळं कापड हलीमानं वाया जाऊ दिलं नाही. त्याचं तिनं बांगड्यांच्या टोपलीला झाकण शिवलं. पुढच्या बाजाराला पावसाची बारीक झड लागली होती. तिची टोपली कोरडी होती. समोरच्या बाजूला रहमत डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन बसला होता, आणि त्याच्याभोवती मोडक्या छत्र्या घेऊन माणसांची गर्दी जमली होती.

"काहो रहमतभाई," कुणीतरी विचारलं, "तुमची छत्री कुठी गेली?"

"दुरुस्तीले टाकली," रहमत म्हणाला, आणि त्या विचारणाऱ्याचीच छत्री उघडून काड्या तपासू लागला.